रूट केलेला फोन वॉरंटीत दुरुस्त करून घ्यायचाय? आधी हे करा

रूटसाठी, म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवायला, बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक केला की वॉरंटी संपली असं सगळेच ठोकून सांगतात, पण ते कंपनीवर आणि बिघाड कसला आहे त्यावर असतं, त्यामुळे आधी आपल्या फोनचं वॉरंटी कार्ड नीट वाचा.

मग बिघाड हार्डवेअरचा आहे का बघा. स्क्रीनवर रेघ असेल तर फोन फास्टबूट किंवा रिकव्हरी मोडला (नेहमीचं अँड्रॉइड सुरू न होता उघडणारे मोड) न्या, तिथेही आणि बूट लोगोवरही रेघ दिसली तर तुमच्या कस्टम रॉमचा, म्हणजे बाहेरून टाकलेल्या सिस्टिमचा, काही संबंध नाही, त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. बॅटरी भसाभस उतरते, नेटवर्क जातं, असलं काही असेल तर आधी स्टॉक रॉम, म्हणजे कंपनीची मूळ सिस्टिम, टाकून बघा, निम्म्या वेळा तिथेच मिटतं.

स्टॉकवर जाताना घाई नको. बॅकअप घ्या, सगळं उडणार आहे. रॉम आपल्याच मॉडेलची आणि रीजनची हवी, आणि जुनी तर अजिबात नको, शाओमीत अँटी-रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर जाऊ न देणारं कुलूप) असतं, २०१८ ला रेडमी नोट ५ प्रो वाल्यांचे फोन त्यानेच ब्रिक, म्हणजे पार बंद, झाले होते. शाओमीची रॉम टाकायच्या 'Mi Flash' टूलमध्ये खाली 'क्लीन ऑल अँड लॉक' आधीच निवडलेलं असतं, त्याने बूटलोडर लगेच लॉक होतो, ते बदलून 'क्लीन ऑल' करा. चायना हँडसेटवर ग्लोबल रॉम टाकून लॉक केलंत तर फोन उघडणारच नाही. आधी फोन चालू होऊ दे, सिम, कॅमेरा, आयएमईआय सगळं तपासा, मगच लॉक. कस्टम रॉम असताना तर लॉकच्या वाटेलाही जाऊ नका.

सॅमसंगवाल्यांनो, नॉक्स (सिस्टिमशी छेडछाड झाली का ते नोंदवणारी सॅमसंगची सुरक्षा) एकदा झिरो एक्स वन (0x1) झालं की झालं, तो आतला फ्यूजच उडालेला असतो, ओडिनने (सॅमसंगवर रॉम टाकायचं टूल) कितीही वेळा स्टॉक टाका तो परत येत नाही. सिक्युअर फोल्डरही गेलं समजा. तिथे लपवाछपवी करण्यात अर्थ नाही, डाउनलोड मोडला नेलं की त्यांना दिसतंच.

काउंटरवर देण्याआधी गूगल अकाउंट काढून मग रीसेट मारा, नाहीतर एफआरपी (रीसेटनंतर जुनं गूगल अकाउंट मागणारं कुलूप) लागून फोन तिथेच अडकतो. जॉब शीटवर बिघाड नेमक्या शब्दांत लिहून घ्या, 'डिस्प्लेवर रेघ' असं, नुसतं 'सॉफ्टवेअर इश्यू' लिहू देऊ नका. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करताना हातात कागद असतो.