कविता आणि कथास्पर्धेत भाग घेताना

मराठीतील साहित्यस्पर्धांना वर्षाचे एक ठरलेले चक्र आहे, आणि भाग घेऊ इच्छिणाऱ्याने ते आधी समजून घ्यावे. १४ ते २८ जानेवारी या काळातील मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, म्हणजे २७ फेब्रुवारीला येणारा मराठी भाषा गौरव दिन यांच्या निमित्ताने महाविद्यालये, ग्रंथालये आणि स्थानिक मंडळे काव्यस्पर्धा घेतात. दिवाळी अंकांच्या कथास्पर्धांची निवेदने बहुधा उन्हाळ्यात निघतात आणि पावसाळ्यात त्यांची मुदत संपते, कारण अंकाची जुळणी आणि छपाई दिवाळीपूर्वी उरकायची असते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, आणि नवा लेखक वाचकांपर्यंत पोहोचण्याची ती आजही एक मोठी वाट आहे. जुलैत पाठवायची कथा जूनमध्ये लिहायला घेतली, तर ती बाजूला ठेवून महिन्याभराने परक्या नजरेने वाचायला वेळच उरत नाही. म्हणून दिवाळी अंकाच्या कथेचा पहिला खर्डा चैत्रापर्यंत तयार असावा.

माझे ठाम मत असे आहे की, विषय दिलेली स्पर्धा सोडली तर स्पर्धेसाठी म्हणून लिहू नये. जे लिहून झाले आहे त्यातून स्पर्धेसाठी निवडावे. बक्षीस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली कविता परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज बांधत पुढे जाते, आणि तो अंदाज शेकडो स्पर्धक एकाच वेळी बांधत असल्यामुळे आई, पाऊस आणि शेतकरी या विषयांवरच्या सारख्याच कवितांचा ढीग परीक्षकापुढे येतो. हे विषय वाईट आहेत असे मुळीच नाही. पण ‘आई म्हणजे मायेचा सागर’ या वळणाची ओळ परीक्षकाने त्या दुपारी वीस वेळा वाचलेली असते, आणि पहाटे पाण्याची मोटर लावायला उठणारी, पाणी गेले की रिकाम्या हंड्यांची रांग मोजत बसणारी एक विशिष्ट आई त्याला तोवर एकदाही भेटलेली नसते. निवड करताना आपल्या वहीतल्या ज्या कवितेत असा न बदलता येण्याजोगा तपशील असेल, ती पुढे करावी.

निवड झाली की नियमावली दोनदा वाचावी. तिच्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘अप्रकाशित’ हा असतो, आणि तोच सर्वांत सैलपणे वाचला जातो. पूर्वी प्रकाशन म्हणजे छापील मजकूर एवढाच अर्थ होता. आता फेसबुकवर सर्वांसाठी खुली ठेवलेली कविता, ब्लॉगवरील कथा, इतकेच नव्हे तर मोठ्या व्हॉट्सॲप समूहात टाकलेली रचनाही अनेक आयोजक प्रकाशित मानतात. माझी एक कथा अंतिम फेरीपर्यंत जाऊन बाद झाली, कारण तिचा अर्धा भाग मी दोन वर्षांपूर्वी समाजमाध्यमावर टाकला होता आणि नंतर विसरून गेले होते. त्या आयोजकांचा निर्णय नियमाला धरूनच होता. तेव्हापासून कोणती रचना कोठे आणि कधी दिली याची नोंद मी एका वहीत ठेवते, आणि स्पर्धेसाठी राखलेली रचना निकाल लागेपर्यंत कोठेही टाकत नाही. एकच रचना दोन ठिकाणी पाठवायची असेल, तर दोन्ही नियमावल्या त्याला परवानगी देतात का हे पाहावे. बहुतेक देत नाहीत.

दुसरे काळजीपूर्वक वाचायचे कलम हक्कांचे. भारतातील प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा आहे आणि त्यानुसार रचनेचा पहिला मालक सामान्यतः तिचा लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि स्वाक्षरीनिशी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरताच मानला जातो. विजेती कथा अंकात एकदा छापण्याचा हक्क आयोजकांनी मागणे योग्यच आहे. परंतु ‘आलेल्या सर्व साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असे वाक्य दिसले, तर न जिंकलेल्या रचनाही आपल्या हातून जाऊ शकतात, हे समजून मगच पाठवण्याचा निर्णय घ्यावा. मी अशा ठिकाणी पाठवत नाही.

प्रवेश शुल्काबाबतही सावध असावे. परीक्षकांचे मानधन आणि व्यवस्थेचा खर्च भागवण्यासाठी माफक शुल्क घेणाऱ्या प्रामाणिक संस्था आहेत. मात्र आलेल्या प्रत्येक कवितेची ‘निवड’ होते, प्रत्येक कवीला सन्मानचिन्ह मिळते, आणि त्यानंतर प्रातिनिधिक काव्यसंग्रहाच्या ठरावीक प्रती कवीनेच विकत घ्यायच्या असतात, अशी रचना असेल तर ती स्पर्धा नसून प्रकाशनाचा खर्च कवींकडून वसूल करण्याची पद्धत आहे. परीक्षकांची नावे जाहीर केली आहेत का आणि मागील वर्षाच्या विजेत्या रचना वाचायला मिळतात का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून पुष्कळसे कळते. मागील विजेत्या रचना मिळाल्या तर अवश्य वाचाव्यात, पण त्यांचे अनुकरण करण्यासाठी नव्हे. त्या परीक्षणाची अपेक्षा कोणत्या पातळीची आहे हे समजण्यासाठी.

आता रचनेकडे वळू. स्पर्धेने काव्यप्रकार ठरवून दिला असेल, तर परीक्षक प्रथम बांधणीच तपासतो. अष्टाक्षरीत प्रत्येक चरणात आठ अक्षरे हवीत, आणि अक्षर म्हणजे उच्चारातील एकक; जोडाक्षर कितीही भरगच्च असले तरी एकच मोजायचे, म्हणून ‘स्वप्न’ हा दोन अक्षरांचाच शब्द आहे. ‘पावसाची वाट पाहे, कोरडी ही काळी माती’ या दोन्ही चरणांत आठ-आठ अक्षरे भरतात, हे बोटांवर मोजून पाहावे. गझलेची परीक्षा याहून कडक असते. शेर म्हणजे दोन ओळींचे कडवे, आणि मतला म्हणजे गझलेचा पहिला शेर. मतल्याच्या दोन्ही ओळींत आणि पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, सांभाळावा लागतो, त्यानंतर पुन्हा पुन्हा येणारी रदीफ असेल तर ती शब्दशः तीच ठेवावी लागते, सर्व ओळी एकाच वृत्तात असाव्या लागतात आणि प्रत्येक शेर स्वतंत्रपणे उभा राहावा लागतो. नवख्या गझलकारांची चूक बहुधा अलामतीत, म्हणजे काफियातील समान अक्षराच्या आधीच्या स्वरात, होते. ‘वादळ’ आणि ‘ओंजळ’ हे काफिये मतल्यात घेतले की ‘ळ’च्या आधीचा ‘अ’ हा स्वर बांधला गेला. पुढे ‘पिंपळ’ चालतो, पण ‘आभाळ’ चालत नाही, कारण तेथे त्या जागी ‘आ’ आला. हे कानाला खटकले नाही, तरी जाणकार परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. मुक्तछंदाला असे बंधन नसते, पण ओळ कोठे तोडली याचे कारण तेथेही असावे लागते. गद्य वाक्याचे तुकडे एकाखाली एक लिहिल्याने कविता होत नाही, आणि ते मोठ्याने वाचले की लगेच उघडे पडते.

कथेच्या बाबतीत एवढेच सांगते की, पहिला परिच्छेद बहुतेक वेळा काढून टाकण्याजोगा असतो. हवामान, गावाचे वर्णन आणि नायकाची वंशावळ यांतून वाट काढत लेखक कथेकडे येतो, तर परीक्षकाला कथा दुसऱ्या पानावर सुरू झालेली दिसते. शब्दमर्यादा ओलांडू नये.

शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे नियम जवळ ठेवावेत: १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत घातलेले चार. ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘वकील’ पण ‘वकिलाला’, अशा सामान्यरूपातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सर्वांत जास्त आढळतात. वृत्ताच्या गरजेसाठी ऱ्हस्व-दीर्घात बदल करण्याचे स्वातंत्र्य हेच नियम कवीला देतात, तेव्हा वृत्तबद्ध कवितेत त्याचा संकोच बाळगू नये. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी वळणाने लिहिणाऱ्यांनी बोलीला प्रमाण भाषेच्या साच्यात कोंबू नये. एकच शब्द सर्वत्र एकाच रूपात लिहिला गेला आहे, एवढे मात्र पाहावे.

पाठवताना टंक (फॉन्ट) युनिकोडच असावा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेली फाइल दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या ओळी होऊन उघडते, आणि आयोजक प्रत्येकाला पुन्हा विचारत बसत नाहीत. मागितली असेल तर वर्ड फाइल द्यावीच, पण सोबत पीडीएफही जोडावी, म्हणजे कवितेच्या ओळी आपण तोडल्या तशाच राहतात. परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून नाव, पत्ता आणि दूरध्वनी वेगळ्या पानावर मागितले असतील, तर ते रचनेच्या तळाशी, पानाच्या शीर्षभागात किंवा फाइलच्या नावात राहून गेले नाहीत ना, हे तपासावे. टोपणनाव आधीच परिचित असेल तर तेही नको. परदेशातून पाठवणाऱ्यांनी मुदतीची वेळ भारतीय प्रमाणवेळेने धरावी: न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात दुपारचे दीड वाजतात, तेव्हा भारतात मध्यरात्र झालेली असते.

रचना पोहोचल्याची पोच आणि त्या दिवशीची नियमावली जपून ठेवावी. काही दिवाळी अंकांचा निकाल अंकातूनच कळतो, त्यामुळे काही महिने काहीच उत्तर न येणे स्वाभाविक आहे. जाहीर केलेली तारीख उलटून गेल्यावर एक सभ्य पत्र लिहून विचारावे. रचना निवडली गेली नाही, तर ती लगेच दुसऱ्या स्पर्धेकडे वळवू नये. महिन्याभराने ती पुन्हा मोठ्याने वाचावी, जेथे जीभ अडखळेल तेथे खूण करावी, आणि त्या खुणा दुरुस्त झाल्यावरच वहीत तिच्या नावापुढे पुढचा पत्ता लिहावा.