नवं पायथॉन घेताय? या चुका टाळा

कोल्ट कंपनीने 2020 मध्ये आपलं पायथॉन रिव्हॉल्वर पुन्हा बाजारात आणलं, तेव्हापासून इथे टेक्सासमध्ये ओळखीतली मुलं थेट दुकानातून फोन करतात. "दादा, ट्रिगर लोण्यासारखा आहे, घेऊन टाकू?" लोण्यासारखा म्हटलं की मला धडकी भरते.

असंच एकाने नव्या मॉडेलचं, पण आधी कुणी वापरलेलं पायथॉन घेतलं. चार वेळा चाप (ट्रिगर) ओढून पाहिला आणि पैसे मोजले. रेंजवर सहांतली दोन काडतुसं उडालीच नाहीत. प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर, फायरिंग पिनची जेमतेम खूण होती. चापाचा जोर मोजणाऱ्या माझ्या गेजवर चाप सहा पौंडांना सुटत होता, माझ्याकडच्या पायथॉनला नऊच्या वर लागतात. आधीच्या मालकाने चाप हलका व्हावा म्हणून मुख्य स्प्रिंग वाकवली होती. मूळ जोराची स्प्रिंग बसवल्यावर सगळं सुरळीत झालं. म्हणून वापरलेल्या रिव्हॉल्वरचा चाप फारच हलका लागला, तर आधी स्प्रिंगला कुणी हात लावला का, ते विचारा.

दुसरी चूक म्हणजे घोडा (मागचा हॅमर) झटक्यात चढवून पाहणं. त्यात सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, स्वतःच्या वेगानेच पुढे जाऊन खाचेत बसतं आणि टायमिंगचा, म्हणजे ते वेळेवर जागी न बसण्याचा, दोष लपतो. मी आधी काडतुसांचे सहाही खण रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहतो, बोटानेही चाचपतो. मग एका हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून घोडा अगदी सावकाश मागे घेतो. घोडा अडकण्याआधी सिलिंडर कुलूपबंद झालं पाहिजे, आणि तेही सहाही खणांवर. दोन खण पाहून "ठीक आहे" म्हणणाऱ्यांनी पुढे माझ्याकडे तक्रार आणू नये.

मनगटाला हिसका देऊन सिलिंडर बंद करू नका. सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतं तो आर्म वाकतो. दुकानदाराने हातातून काढून घेतलं तर त्याचंच बरोबर आहे.

सिलिंडर आणि नळीमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. सहा थाउपर्यंत (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मी निर्धास्त असतो, आठच्या पुढे घेत नाही.

1955 मध्ये आलेल्या मूळ पायथॉनशी तुलना करून नव्याला नावं ठेवणारेही खूप. जुन्याचे भाग कारागीर हाताने जुळवत आणि त्याची निळी झिलई अप्रतिमच होती. पण त्याचा चाप ओढताना शेवटी शेवटी जड होत जायचा. नव्याचा तसा होत नाही, आत भाग कमी आहेत आणि मागच्या साइटखाली (नेम धरायच्या खाचेखाली) पोलाद जास्त आहे. मला ही सुधारणाच वाटते. मात्र जुने सुटे भाग यात बसतील असं धरून चालू नका.

पायथॉनमध्ये .38 स्पेशल आणि त्याहून लांब .357 मॅग्नम, दोन्ही काडतुसं चालतात; पण .38 भरपूर झाडून लगेच .357 भरायला गेलात, तर ती अडकू शकतात. आखूड काडतुसांमुळे खणात काजळीचं कडं साचतं. आधी ब्रश फिरवा.