पहिलं कॅरी पिस्तूल घेताय? या चुका टाळा

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून हँडगन कपड्यांखाली लपवून बाळगायला राज्याचं लायसन्स लागत नाही. २०२१ च्या त्या कायद्यानुसार वय २१ पूर्ण असावं आणि कायद्याने बंदूक बाळगायला तुम्ही पात्र असावं, एवढंच. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांतून मला फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कुठलं घेऊ?" याचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. पुढचा तासभर मी बोलतो तो होल्स्टर (पिस्तुलाचं कमरेला लावायचं म्यान), पट्टा, घरातला ड्रॉवर आणि सवयी यांबद्दल. कारण माझ्या पाहण्यातले अपघात पिस्तूल चुकीचं निवडल्यामुळे झालेले नाहीत. ते झाले पिस्तूल आत घालताना, बाहेर काढताना, रिकामं करताना. होल्स्टरमध्ये नीट बसलेलं पिस्तूल आपणहून काही करत नाही.

आधी तुमचा व्हिसा बघा

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून पहिली. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. शिकारीचं चालू लायसन्स असणं यांसारखे मोजके अपवाद आहेत. "आमच्या राज्यात परमिट लागत नाही" हे वाक्य इथे कामाचं नाही, कारण राज्याची सवलत फेडरल बंदी उठवत नाही. बायकोकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून तिच्या नावावर नवऱ्यासाठी खरेदी करणं हाही गुन्हा आहे. दुकानात भरायच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर खरा खरेदीदार कोण, हे स्पष्ट विचारलेलं असतं. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. थोडीही शंका असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मग दुकानात जा.

लायसन्स लागत नसलं तरी टेक्सासचं एलटीसी (License to Carry, म्हणजे हँडगन बाळगण्याचं लायसन्स) काढाच, असं माझं ठाम मत आहे. शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर जी फेडरल बंदी आहे, तिच्यातून राज्याचं लायसन्स असलेल्याला सूट मिळते, आणि शहरात गाडी चालवताना आपण दिवसातून किती वेळा त्या १००० फुटांत शिरतो ते मोजून पाहा. शिवाय त्या निमित्ताने ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या परीक्षकासमोर झाडाव्या लागतात. हात कुठे डळमळतो ते त्याच दिवशी समजतं.

लहान म्हणजे सोपं, हा समज

माझं पहिलं पिस्तूल .३८० कॅलिबरचं (गोळीच्या मापाचं) होतं, पँटच्या खिशात मावणारं, रिकामं असताना जेमतेम पाव किलोच्या वर. दुकानाच्या काउंटरवर हातात घेतलं तेव्हा फार आवडलं. रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) तिसरं मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) संपेपर्यंत अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातली कातडी लाल झाली होती, करंगळीला धरायला जागाच नव्हती आणि गोळी सुटण्याआधीच माझे डोळे मिटू लागले होते. हलक्या पिस्तुलाचा झटका हाताला जास्त बसतो. नळी आखूड, त्यामुळे पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर कमी, आणि नेमातली बारीक चूक लक्ष्यावर मोठी दिसते. अशी पिस्तुलं हात बसलेल्या माणसासाठी असतात, आणि विकली मात्र जातात नवशिक्यांना.

बायकांना तर हमखास पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर सुचवलं जातं, "वापरायला सोपं" म्हणून. त्याचा ट्रिगर लांब आणि जड असतो, आणि झटका त्या .३८० पेक्षाही त्रासदायक वाटू शकतो. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढता येत नाही म्हणून रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवत असाल तर आधी पद्धत बदलून पाहा. पिस्तूल छातीजवळ घ्या, बोट ट्रिगरपासून लांब, नळी सुरक्षित दिशेला. डाव्या हाताने स्लाइड घट्ट धरून ठेवा आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकला. मनगटाऐवजी खांद्याचा जोर लागतो आणि बहुतेकींना ते जमतं. तरीही जड गेलं तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड मुद्दाम हलक्या स्लाइडचं बनवलेलं आहे.

मग घ्यायचं कुठलं? मधल्या आकाराचं ९ एमएम. ग्लॉक १९, ग्लॉक ४३एक्स, सिग पी३६५ च्या थोड्या लांब मुठीच्या आवृत्त्या, शील्ड प्लस. यांतलं कुठलंही चालेल. रेंजवर भाड्याने घेऊन प्रत्येकातून ५० गोळ्या झाडा आणि ज्याची मूठ तीन बोटांत नीट भरते ते घ्या. कॅलिबरच्या वादात वेळ घालवू नका, एफबीआयसुद्धा .४० वरून पुन्हा ९ एमएमवर आली. सरावाला साधी गोळी आणि कमरेला हॉलो पॉइंट (टोकाशी पोकळ, लागल्यावर पसरणारी गोळी). मात्र तुम्ही न्यू जर्सीत राहत असाल तर हॉलो पॉइंटबद्दल तिथला कायदा वेगळा आणि कडक आहे.

पिस्तुलावर सहाशे डॉलर, होल्स्टरवर पंधरा

या चुकीने मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मऊ कापडी, "सगळ्या पिस्तुलांना बसणारं" होल्स्टर काही आठवड्यांत तोंडाशी चपटं होतं. पिस्तूल परत घालताना ती दुमडलेली कड ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) शिरते आणि बोटाचं काम करते. होल्स्टर तुमच्याच मॉडेलसाठी साच्यात घडवलेलं असावं, कायडेक्स या कडक प्लास्टिकचं किंवा जाड, ताठ चामड्याचं.

तपासायचं कसं? पिस्तूल रिकामं करा, दोनदा खात्री करा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून ट्रिगरच्या जागी बाहेरून अंगठ्याने जोरात दाबा. आत ट्रिगर जराही हलत असेल तर ते होल्स्टर टाकून द्या, कुणाला देऊही नका. मग पलंगावर धरून उलटं करा आणि हलकेच हलवा. पिस्तूल निसटायला नको. पट्टाही ताठच हवा. नेहमीच्या ऑफिसच्या पट्ट्यावर पिस्तूल बाहेर कलतं, शर्टातून उमटतं, आणि माणूस दिवसभर तिथे हात लावत राहतो. लोकांना पिस्तूल दिसत नाही, तो हात दिसतो.

पिस्तूल काढण्याचा वेग सगळे शिकवतात. परत घालताना मात्र घाई कधीच नको. बोट बाहेर सरळ. दुसऱ्या हाताने शर्ट पूर्ण वर. मान खाली घालून होल्स्टरच्या तोंडात बघा : शर्टाचं टोक आहे का, जॅकेटच्या नाडीची ती प्लास्टिकची गाठ लोंबते आहे का. पोटापुढे होल्स्टर लावत असाल तर कंबर पुढे आणि खांदे मागे घ्या, म्हणजे नळी मांडीकडे रोखलेली राहत नाही. सावकाश आत सरकवा. मध्ये काही अडलं तर जोर देऊ नका, बाहेर काढून पुन्हा बघा. त्याहून चांगलं म्हणजे पिस्तूल होल्स्टरसकट कमरेवरून काढा आणि होल्स्टरसकटच लावा.

पिस्तूल हातातून निसटलं तर पडू द्या. आजची चांगली पिस्तुलं पडल्यावर सहसा उडत नाहीत, पण हवेत झेलायला गेलेलं बोट थेट ट्रिगरवर जातं. सार्वजनिक टॉयलेटमध्ये ते हुकला लटकवू नका, कागदाच्या डब्यावरही ठेवू नका. होल्स्टरसकट खाली घेतलेल्या पँटमध्येच राहू द्या.

पर्समध्ये पिस्तूल नको. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने शॉपिंग कार्टमध्ये बसून आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्यात त्याची आई गेली. ती पर्स पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती. पर्स खांद्यावरून उतरते, खुर्चीला अडकते, मुलांच्या हाती लागते. पिस्तूल अंगावर किंवा कुलपात, मधली जागा नाही.

घरी आल्यावर

पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम उलटा झाला की घात होतो. आधी स्लाइड ओढली, गोळी बाहेर पडली, मग मॅगझिन काढलं, आणि माणूस म्हणतो, रिकामं झालं. पण स्लाइड पुढे येताना तिने मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी, जिथून गोळी सुटते तिथे) नेलेली असते. मॅगझिन आधी बाहेर, मग स्लाइड दोन-तीनदा ओढा, मागे अडकवा, उजेडात बघा, आणि चेंबरमध्ये करंगळीचं टोक घालून चाचपा. ग्लॉकसारख्या काही पिस्तुलांत साफसफाईसाठी स्लाइड उतरवण्याआधी ट्रिगर दाबावा लागतो, तिथे ही खात्री न केल्याची किंमत भयंकर असते.

रोज रात्री रिकामं आणि सकाळी भरलेलं, असं करू नका. हाताळणी वाढते, शिवाय तीच गोळी पुनःपुन्हा चेंबरमध्ये आपटून तिचं टोक पुंगळीत मागे ढकललं जातं आणि उडताना आतला दाब धोकादायक वाढू शकतो. नव्या गोळीशेजारी उभी करून उंची बघा. बुटकी दिसली तर ती पुन्हा वापरू नका. भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकट भिंतीला किंवा पलंगाला बोल्ट केलेल्या छोट्या तिजोरीत ठेवा.

कपाटाचा वरचा कप्पा ही तिजोरी नाही. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि आई प्रेमाने कपाट आवरायला घेते. मुलांचे मित्र झोपायला येतात. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. आणि घरात कुणी खचलेलं असेल, तुम्ही स्वतः असाल, तर काही काळ पिस्तूल घराबाहेर, विश्वासातल्या आणि कायद्याने पात्र माणसाकडे ठेवा. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. ९८८ या नंबरवर दिवसरात्र कुणीतरी बोलायला असतं.

रेंजवर अडलं तर

उजव्या हाताच्या नवशिक्याच्या गोळ्या डावीकडे खाली जातात आणि तो साइट सरकवायला घेतो. साइट बहुधा बरोबर असते. झटक्याच्या भीतीने हात आधीच खाली दाबला जातो. मित्राला मॅगझिनमध्ये मधेच एखादं नकली काडतूस घालायला सांगा. ते आलं की गोळी सुटत नाही, पण नळी खाली झुकलेली तुम्हाला स्वतःला दिसते.

रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकत असेल तर आधी मनगट घट्ट करा, मग पिस्तुलाला दोष द्या. बार उडालाच नाही तर नळी समोर धरून ३० सेकंद थांबा. दोन गोळ्या एकत्र अडकल्या तर स्लाइड मागे लॉक करा, मॅगझिन ओढून काढा, स्लाइड तीनदा चालवा, पुन्हा भरा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका, फुस्स असा आला तर ताबडतोब थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि पुढची झाडली तर पिस्तूल हातात फुटतं.

मॅगझिनवर मार्करने १, २, ३ लिहून ठेवा. खोळंबा दरवेळी २ नंबरवरच होत असेल तर दोष त्या मॅगझिनचा. कमरेला लावण्याआधी निदान २०० गोळ्या बिनचूक गेल्या पाहिजेत, त्यात थोड्या तुमच्या हॉलो पॉइंटच्याही. घरी परतल्यावर थंड पाण्याने साबण लावून हात धुवा आणि कपडे बदलूनच मुलांना जवळ घ्या. बारातलं शिसं कपड्यांवर बसतं.

कुठे न्यायचं नाही

रविवारची मराठी शाळा आणि मंडळाचा गणेशोत्सव अनेक ठिकाणी भाड्याच्या शाळेत भरतो. ती शाळाच आहे, तिथे एलटीसी असूनही चालत नाही. लाल रंगातली ५१ टक्क्यांची पाटी (निम्म्याहून अधिक कमाई दारूतून असल्याची खूण) लावलेल्या बारमध्ये नाही. दारावर ३०.०६ ची (टेक्सास कायद्यातल्या त्या कलमाची) पाटी असेल तर एलटीसीवाल्याला लपवलेलं पिस्तूल आत न्यायची परवानगी नाही. तुमचं एलटीसी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत ग्राह्य धरलं जात नाही, तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या नातेवाइकांकडे गाडीने निघताना पिस्तूल घरच्या तिजोरीत राहू द्या. पातळ सुती कुर्ता घालून वाकून नमस्कार करायचा असेल त्या दिवशीही तेच.

शेवटची गोष्ट भारतात जाणाऱ्यांसाठी. रेंजला नेलेली बॅगच पुढे प्रवासाला निघते, आतल्या कप्प्यात एक सुटी गोळी राहिलेली असते आणि ती परतीच्या वेळी भारतातल्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसते. शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. गोळी अजाणतेपणी राहिली होती हे मान्य करून उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तोवर सुट्टी, पासपोर्ट आणि नोकरी यांचा घोळ होऊन बसतो. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या, ती गॅरेजमध्ये ठेवा, आणि प्रवासाच्या सामानाचे सगळे कप्पे निघण्याच्या आदल्या रात्री उलटे करून झटका. जॅकेटचे खिसेसुद्धा.