ख्रिस्ती विश्वासात आयुष्यभर वाढत राहायचं तर काय करायचं
बाप्तिस्मा झाला म्हणजे झालं असं नसतं, येशूचा प्रेषित पौलसुद्धा बंदिवासातून फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की मी अजून पूर्ण झालो नाही, पुढे धावतोय. सुरुवात बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाने, म्हणजे येशूच्या जीवनावरच्या पुस्तकाने करा, 16च अध्याय आहेत, रोज एक. मग बायबलमधलीच स्तोत्रं घ्या, 150 आहेत, आणि नुसती वाचू नका, आपलीच प्रार्थना समजून मोठ्याने म्हणा कारण त्यात रडणं, राग, तक्रार सगळं देवासमोर मांडलंय आणि मला तर कोरड्या दिवसांत त्यांनीच धरून ठेवलं. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी परत बसा. कुणाला क्षमा करायची राहिली असेल तर ते आधी. आणि मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, वयाने मोठं कुणीतरी शोधा ज्यांच्याशी महिन्यातून एकदा तरी मोकळं बोलता येईल.