प्रदर्शनासाठी घोड्याची आयाळ गुंफताना

आयाळ प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवस आधी धुवा. आदल्या रात्री शाम्पू-कंडिशनर लावायचा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. तसे केस बोटांतून निसटतात, वेणी धरत नाहीत. चमकेचा स्प्रे शेपटीपुरता ठेवा.

अरबी घोड्याची आयाळ मोकळीच दाखवतात, ती नुसती विंचरा.

बाकीच्यांची लांबी 10 ते 12 सेंटीमीटरवर आणा, पण कात्रीने सरळ कापून नव्हे. कड बोथट दिसते आणि दाटपणा तसाच राहतो. घोडा फिरवून आणल्यावर, अंग गरम असताना, आतल्या बाजूचे मोजके केस उपटा. रोज थोडे, एकदम नाही. मान झटकू लागला तर हट्ट सोडा आणि विरळ करायचा कंगवा घ्या.

मग कंगव्याच्या रुंदीने सारखे भाग पाडून रबर लावा. मान आखूड असेल तर वेण्या बारीक आणि जास्त घाला, मान लांब दिसते.

आता खरं काम, वेणीचे मुळाजवळचे पहिले दोन पीळ. मला सगळ्यात जास्त छळलं ते यांनीच. ‘घट्ट ओढा’ एवढंच सगळे सांगतात, कुठल्या दिशेने ते कुणी सांगत नाही. पेड स्वतःकडे ओढले की मुळं उचलली जातात आणि दुमडलेली वेणी मानेवर ताठ उभी राहते. ओढ नेहमी खाली, मानेला चिकटून हवी. त्यासाठी भक्कम स्टुलावर उभे राहा. बट ओल्या स्पंजने दमट करा, तीन पेड नीट सारखे घ्या, आणि प्रत्येक पीळ पडला की त्यावर अंगठा दाबून धरा. अंगठा सुटला की पीळ सैल झालाच. पहिले दोन पीळ असे बसले की खाली तीच ओढ टोकापर्यंत ठेवायची, वाढवायची नाही.

दोन-तीन वेण्या झाल्या की घोड्याला मान खाली घालू द्या आणि मुळाशी निरखून पाहा. कातडी ताणून वर आली असेल तर वेणी लगेच सोडा, कितीही सुबक दिसत असली तरी. असा घोडा रिंगणात मान आखडून चालतो आणि तबेल्यात भिंतीला मान घासून केस तोडतो. तुटलेले केस मग कित्येक महिने खुंटासारखे उभे राहतात. म्हणूनच वेण्या आदल्या रात्री घालून ठेवू नयेत, पहाटे उठावं.

टोक आयाळीच्याच रंगाच्या दोऱ्याने बांधा, वेणी दुमडून मुळाशी शिवा. कपाळावरची बट शेवटी. सुई बोथट टोकाची घ्या. ती गवतात पडली तर सापडेपर्यंत घोड्याला तिथे उभं करू नका.

प्रदर्शन आटोपलं की त्याच दिवशी टाके उसवा. कात्री लावू नका, दोऱ्याबरोबर केसही जातात. केस कुरळे राहिले तर ओला ब्रश फिरवा, बसतात.