एक्सेलमध्ये ड्रॉप-डाउन यादी अनेक शीटवर वापरताय? या चुका टाळा

बारा महिन्यांच्या बारा शीट आणि प्रत्येकीत जिल्ह्याचा रकाना. अशा वेळी महाराष्ट्रातले ३६ जिल्हे डेटा व्हॅलिडेशनच्या (सेलमध्ये काय भरता येईल ते ठरवणाऱ्या सोयीच्या) सोर्स चौकटीत टाइप करायला घेतले, तर यादी पुरी होतच नाही. तिथे २५५ अक्षरंच मावतात आणि देवनागरीतला काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळा मोजला जातो. ३६ नावं स्वल्पविरामांसकट २७०च्या पुढे जातात.

म्हणून यादी एका वेगळ्या शीटवर, एकाखाली एक लिहा. तिचं टेबल करा, नेम मॅनेजरमधून त्या रकान्याला नाव द्या आणि बाराही शीटच्या सोर्समध्ये बरोबरचं चिन्ह देऊन तेच नाव लिहा. एक्सेल २००७ पर्यंत दुसऱ्या शीटचा पत्ता थेट देताच येत नसे, २०१० पासून देता येतो. तरी मी नावच वापरा म्हणेन. पत्ता हाताने टाइप करताना तो जागेवर पक्का ठेवणारं डॉलरचं चिन्ह राहिलं, की पहिल्या ओळीत पूर्ण यादी दिसते आणि खालच्या प्रत्येक ओळीत वरचं एकेक नाव गळत जातं.

यादी दिसते, पण वाटेल ते टाइप केलेलंही चालतं? नाव दिलेल्या रेंजमध्ये, म्हणजे यादीच्या सेलमध्ये, रिकामा सेल आहे आणि ‘इग्नोर ब्लँक’वर खूण आहे, असं बहुधा असणार. ती खूण काढा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पेस्टमुळे. दुसरीकडून साधा सेल आणून पेस्ट केला, की तिथलं व्हॅलिडेशनच पुसलं जातं, आणि एक्सेल चकार शब्द काढत नाही. ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने यादीचा बाण शाबूत राहतो, पण आलेला मजकूर तपासला जात नाही. भरणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवा.

मूळ यादीत नाव बदललं म्हणून आधी निवडलेली नावं बदलत नाहीत, हेही लक्षात असू द्या. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या शीटमध्ये मात्र जुनीच नावं राहतात आणि बेरजा दोन ठिकाणी फुटतात. फाइंड-रिप्लेसमध्ये ‘वर्कबुक’ निवडून ती बदला. मग प्रत्येक शीटवर ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ चालवा, सुटलेल्या नावांभोवती लाल वर्तुळ येईल.

तालुक्यांच्या रेंजला जिल्ह्याचं नाव देऊन, इनडायरेक्ट या फंक्शनने जिल्ह्यावरून तालुक्यांची यादी आणत असाल, तर छत्रपती संभाजीनगरसारख्या दोन शब्दांच्या नावापाशी ती अडते. रेंजच्या नावात मोकळी जागा चालत नाही. तिथे अधोरेषा (_) द्या आणि इनडायरेक्टच्या आत सबस्टिट्यूट हे फंक्शन लावा, म्हणजे निवडलेल्या नावातल्या मोकळ्या जागेचीही अधोरेषा होईल.