रेटिनातलं डोपामिन: नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं

आमच्या लॅबमध्ये पीएचडीला येणारी मुलं बहुतेकदा एकच प्रश्न विचारतात: डोपामिनमुळे (मज्जापेशींमधल्या एका रासायनिक संदेशवाहकामुळे) रेटिनातलं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातलं, इनहिबिशन (एका पेशीने दुसरीचा सिग्नल दाबणं) वाढतं की घटतं? मीही तोच विचारायचे. हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या पेशीवर आणि कुठल्या रिसेप्टरमार्फत (संदेश पकडणाऱ्या प्रथिनामार्फत), हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उंदराच्या रेटिनात डोपामिन बनवणाऱ्या ॲमाक्राइन पेशी (रेटिनाच्या आतल्या थरातल्या मज्जापेशी) जेमतेम काहीशे, पण त्यांचं डोपामिन सायनॅप्सपाशी (दोन पेशींच्या जोडापाशी) न थांबता झिरपत फोटोरिसेप्टरपर्यंत (प्रकाश टिपणाऱ्या पेशींपर्यंत) जातं. उजेड वाढला की स्राव वाढतो. हॉरिझॉन्टल पेशींमध्ये (फोटोरिसेप्टरना आडवं जोडणाऱ्या पेशींमध्ये) डी-१ या डोपामिन रिसेप्टरमुळे सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आतला संदेशवाहक वाढतो आणि त्यांची आपापसातली गॅप जंक्शन्स (पेशींना थेट जोडणारे मार्ग) बंद होत जातात. एआयआय (AII) या प्रकारच्या ॲमाक्राइन पेशींचंही तेच. त्यामुळे सिग्नल दूरवर पसरत नाही. अंधारात मिळेल तो फोटॉन गोळा करायचा असतो. उन्हात मात्र बारीक तपशील हवा.

आतल्या थरात गंमत वाढते. ॲरिझोना विद्यापीठातल्या एरिका एगर्स यांच्या लॅबचे पेपर आधी वाचा. उजेडाला सरावलेल्या रेटिनात ऑफ-बायपोलर पेशींवरचं (उजेड कमी झाल्याचा सिग्नल पुढे नेणाऱ्या पेशींवरचं) इनहिबिशन कमी होतंच, शिवाय ग्लायसिनचा वाटा घटून गाबाचा वरचढ ठरतो; इनहिबिशन करणारे हे दोन रासायनिक संदेशवाहक. एआयआय पेशी ग्लायसिन सोडतात, हे लक्षात ठेवून त्या पेपरांमधला हा बदल दाखवणारा आलेख पाहा. मला तरी इथे विषय खऱ्या अर्थाने कळू लागला.

रिगवरचं (पेशींचे करंट मोजायच्या यंत्रणेवरचं) काम चिवट आहे. रेटिना काढायचं डिसेक्शन इन्फ्रारेडखाली, म्हणजे त्यावर उजेड पडत नाही. कुणी चुकून दार उघडलं तर तो टिश्यू 'अंधाराला सरावलेला' म्हणून मोजू नका, कितीही जीव तुटला तरी. इनहिबिटरी करंट वेगळा काढायला व्होल्टेज शून्य मिलिव्होल्टच्या आसपास धरतात, कारण तिथे एक्सायटेटरी (पेशीला चेतवणारा) करंट जवळजवळ नाहीसा होतो. हे पाठ करण्याऐवजी नर्न्स्टचं समीकरण (आयनांच्या प्रमाणावरून समतोलाचं व्होल्टेज देणारं) वहीत सोडवा. रिसेप्टर अडवायला ग्लायसिनसाठी स्ट्रिक्निन, गाबा-सी या गाबाच्या रिसेप्टरसाठी टीपीएमपीए.

नुसतं डोपामिन टाकून निष्कर्ष काढायचा मोह टाळा. ते हवेत लवकर ऑक्सिडाइझ होतं आणि डी-१, डी-२ या रिसेप्टरांच्या दोन्ही कुळांना जागं करतं. त्यापेक्षा एसकेएफ-३८३९३सारखा निवडक ॲगोनिस्ट (फक्त डी-१ कुळाला जागं करणारा पदार्थ) वापरा, आणि त्याचा परिणाम एससीएच-२३३९० या डी-१ अडवणाऱ्या पदार्थाने थांबतो का तेही पाहा. नोंदवहीत रेकॉर्डिंगची वेळ हवीच: रेटिनातलं डोपामिन दिवसा जास्त आणि रात्री कमी असतं, म्हणून सकाळचा आणि मध्यरात्रीचा डेटा एकाच ढिगात टाकू नका.